जागतिक चिंतन दिन, २२ फेब्रुवारी: सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच माझ्या व्हॉट्सॲपवर हे प्रश्न सुरू होतात. नवीन गाईड कॅप्टन (शाळेतला गाईड मुलींचा गट सांभाळणाऱ्या बाई) विचारतात, बुलबुलच्या (गाईड होण्याआधीच्या लहान मुलींच्या) आया विचारतात, कधी मुली स्वतःच आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज टाकतात. दरवर्षी तेच तेच टाईप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिथे जाऊन बघा.

१. ताई, हा चिंतन दिन म्हणजे नक्की काय असतं?

जगभरातल्या गर्ल गाईड आणि गर्ल स्काऊट मुलींचा हा एक सामायिक दिवस. दरवर्षी २२ फेब्रुवारीला दीडशेहून जास्त देशांतल्या मुली एकमेकींची आठवण काढतात, दुसऱ्या देशातल्या मुली कशा राहतात ते समजून घेतात, आणि जमेल तसे थोडे पैसे एका सामायिक फंडात टाकतात. या सगळ्या देशांच्या संघटनांची मिळून जी जागतिक संघटना आहे तिचं नाव वर्ल्ड असोसिएशन ऑफ गर्ल गाईड्स अँड गर्ल स्काऊट्स, बोलताना सगळे 'वॅग्ज' म्हणतात. ती १९२८ मध्ये हंगेरीतल्या पाराद या गावी स्थापन झाली, आज सगळे देश धरून सुमारे १ कोटी सदस्य आहेत. भारतातून तिची सदस्य आहे ती आपली भारत स्काऊट्स अँड गाईड्स, म्हणजे तुमची मुलगी शाळेत बुलबुल किंवा गाईड असेल तर ती त्या एक कोटीत आलीच.

२. तारीख २२ फेब्रुवारीच का?

त्या दिवशी दोन वाढदिवस येतात. स्काऊट चळवळ सुरू करणारे रॉबर्ट बेडन-पॉवेल २२ फेब्रुवारी १८५७ चे, आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह, ज्या पुढे १९३० मध्ये वर्ल्ड चीफ गाईड झाल्या, त्या २२ फेब्रुवारी १८८९ च्या. बरोबर बत्तीस वर्षांचं अंतर आणि तारीख एकच. दोघांची ओळख १९१२ मध्ये एका जहाजावर झाली आणि त्याच वर्षी लग्नही झालं. मुलींना ही गोष्ट भयंकर आवडते, इतिहासाचा बाकीचा भाग त्या विसरतात पण जहाज लक्षात ठेवतात.

३. 'चिंतन' म्हणजे मुलींना डोळे मिटून ध्यानाला बसवायचं का?

नाही हो! हा घोळ आपल्या भाषांतराने केलाय. इंग्रजी नाव 'थिंकिंग डे', त्याचं कोणीतरी 'चिंतन दिन' केलं आणि तेच परिपत्रकात आलं, मग काय, चिंतन म्हटलं की आपल्याला कीर्तन आठवतं नाहीतर विपश्यना. एका शाळेत मी स्वतः पाहिलंय, साठ मुली मैदानात मांडी घालून वीस मिनिटं डोळे मिटून बसल्या होत्या आणि पाठीमागच्या रांगेतली एक बुलबुल चक्क झोपली होती, बिचारीची मान दोनदा पुढच्या मुलीच्या पाठीवर आपटली.

इथे 'थिंकिंग' म्हणजे विचारात गढून जाणं नाही, एकमेकींची आठवण काढणं. माझ्या हातात असतं तर मी सरळ 'आठवण दिन' म्हटलं असतं. लहान मुलींना मी उचकीवरून सांगते, की आपल्याला उचकी लागली की आजी म्हणते ना कोणीतरी आठवण काढतंय, तर २२ तारखेला एक कोटी जणींना उचकी लागली पाहिजे. एवढं सांगितलं की दुसरं काही समजावावं लागत नाही, फक्त मग दहा मिनिटं सगळ्या खोट्या उचक्या देत बसतात, ती तयारी ठेवा.

४. हे ठरवलं कोणी आणि कधी?

१९२६ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅम्प एडिथ मेसी इथे चौथी जागतिक परिषद भरली होती. तिथे जमलेल्या वेगवेगळ्या देशांच्या प्रतिनिधींना वाटलं की वर्षातला एक दिवस असा हवा जेव्हा सगळ्या देशांतल्या मुली एकमेकींची आठवण काढतील, आणि तारीख म्हणून हा जोडवाढदिवस घेतला. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती हे लक्षात घ्या. कालपर्यंत ज्यांचे बाप-भाऊ एकमेकांवर गोळ्या झाडत होते त्या देशांच्या बायका एका कॅम्पवर बसून हे ठरवत होत्या.

नावातला 'जागतिक' मात्र बराच नंतरचा. १९९९ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या परिषदेत 'थिंकिंग डे' चा 'वर्ल्ड थिंकिंग डे' झाला. त्यामुळे जुन्या गाईड कॅप्टन नुसतं 'थिंकिंग डे' म्हणाल्या तर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

५. पैशांचं काय प्रकरण आहे? मुलगी म्हणते एक रुपया तरी न्यायचाच आहे.

याची गोष्ट छान आहे. १९३२ मध्ये पोलंडमधल्या बुचे इथे परिषद झाली, त्यात बेल्जियमच्या एका प्रतिनिधीबाईंनी मुद्दा काढला की वाढदिवस म्हटला की नुसत्या शुभेच्छा कशा चालतील, भेटवस्तू नको का? आपल्याकडेही वाढदिवसाला कोणी हात हलवत जात नाही, तसंच. मग असं ठरलं की मुलींनी आपल्या खाऊच्या पैशातून भेट द्यायची, पण ती बेडन-पॉवेल यांना नाही, तर जिथे ही चळवळ अजून पोचायचीय तिथल्या मुलींसाठी. ओलेव्हबाईंनी जगभरच्या गाईड्सना पत्र लिहून प्रत्येकीकडे फक्त एक पेनी मागितली. पेनी म्हणजे त्यांचं अगदी छोटं नाणं, आपल्या हिशोबात तो एक रुपया झाला. रक्कम मुद्दाम एवढी लहान ठेवली की गरीबातल्या गरीब मुलीलाही देता यावी आणि कोणी जास्त दिले म्हणून तिची मान ताठ होऊ नये.

म्हणूनच कळकळीने सांगते, डब्यात कोणी किती टाकले ते वहीवर लिहू नका. आमच्याकडे पत्र्याचा बिस्किटांचा डबा असतो, झाकणाला फट पाडलेली, मुली रांगेने येतात आणि नाणं टाकतात, आवाज सगळ्यांचा सारखाच येतो. एका वर्षी एका उत्साही पालकांनी पाचशेची नोट झाकण उघडून वरून दिसेल अशी ठेवली, त्या मागच्या मुलीने हातातलं नाणं परत खिशात टाकलं ते मी पाहिलं. तेव्हापासून झाकणाला टेप मारते.

६. मग हे पैसे जातात कुठे? आणि द्यायलाच लागतात का?

सक्ती अजिबात नाही, आणि कोणी सक्ती करत असेल तर ते या दिवसाच्या मूळ कल्पनेच्याच विरुद्ध आहे (का ते प्रश्न ५ मध्ये). फंडाचं नाव वर्ल्ड थिंकिंग डे फंड, त्यातून वॅग्ज वेगवेगळ्या देशांत मुलींसाठीचे कार्यक्रम, प्रशिक्षण, नवीन ठिकाणी काम उभं करणं असं चालवते. तुमच्या कंपनीने (म्हणजे शाळेतल्या गाईड गटाने) गोळा केलेले पैसे तुम्ही परस्पर परदेशात पाठवायला जाऊ नका, जिल्हा संघटनेच्या ऑफिसात विचारा की पुढे कसे पाठवायचे, आणि पावती घ्या. आणि ७ नोव्हेंबरला जे झेंड्याचे स्टिकर विकतो ना, ते यात मिसळू नका, तो भारत स्काऊट्स अँड गाईड्सचा स्थापना दिवस, १९५० मधला, त्याचा हिशोब पूर्ण वेगळा.

७. हा आणि फ्रेंडशिप डे एकच का?

नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आपली पोरं मनगटभर बॅंड बांधून येतात तो फ्रेंडशिप डे वेगळा, संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन ३० जुलैला असतो तो वेगळा, आणि ११ ऑक्टोबरचा बालिका दिन आणखी वेगळा. फ्रेंडशिप डेला ओळखीच्या मैत्रिणीला बॅंड बांधतात, इथे जिला कधी बघितलेलं नाही आणि बहुतेक कधी बघणारही नाही तिची आठवण काढायची असते, मला विचाराल तर हे जास्त अवघड आहे.

८. आमच्या शाळेत स्काऊटची मुलं पण आहेत, त्यांना बाहेर बसवायचं का?

अजिबात नको. स्काऊट मुलं हाच दिवस संस्थापक दिन म्हणून साजरा करतात, त्यांचा भर बेडन-पॉवेल यांच्यावर असतो आणि मुलींचा भर जगभरच्या बहिणींवर. आपल्याकडे तर संघटनाच एकत्र आहे, भारत स्काऊट्स अँड गाईड्स मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही जागतिक संघटनांची सदस्य आहे, त्यामुळे एकाच मैदानावर दोन्ही कार्यक्रम होणं स्वाभाविक. फक्त एवढं बघा की माईक दोन तास मुलांकडेच आणि मुली नुसत्या रांगोळी काढायला आणि पाहुण्यांना ओवाळायला, असं होऊ देऊ नका. हे मी उगाच लिहीत नाहीये.

९. बाकीच्या देशांत काय करतात?

सगळीकडे एकच ठरलेला विधी नाही, हीच त्यातली गंमत. अमेरिकेत (तिथे गाईड नाही, गर्ल स्काऊट म्हणतात) बहुतेक ठिकाणी जत्रा भरवल्यासारखं असतं, एकेक गट एकेक देश वाटून घेतो, टेबल मांडतो, त्या देशातला खाऊ, खेळ, कपडे ठेवतो, आणि लहान मुली हातात कागदी पासपोर्ट घेऊन टेबलाटेबलावर शिक्के मारून घेत फिरतात. सोबत सेफ्टी पिनला लावलेल्या छोट्या छोट्या हाताने बनवलेल्या वस्तूंची अदलाबदल करतात. ब्रिटनमध्ये गटांच्या मीटिंग संध्याकाळी असतात, तिथे मेणबत्त्या लावून, गाईड होताना घेतलेलं वचन पुन्हा म्हणायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे तेव्हा उन्हाळा असतो. काही देशांत हॅम (म्हणजे हौशी लोकांच्या) रेडिओवरून मुली एकमेकींशी बोलतात, २२ तारखेच्या जवळच्या शनिवार-रविवारी. केनियात न्येरी नावाच्या गावी बेडन-पॉवेल यांची कबर आहे, ते तिथेच १९४१ मध्ये गेले, ओलेव्हबाई १९७७ मध्ये गेल्या त्यांच्या अस्थीही तिथेच, तर या दिवसांत तिथे स्काऊट-गाईड जमतात. कबरीच्या दगडावर एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरलंय. ज्यांनी वाटखुणा शिकल्यात त्यांना कळलंच असेल, 'मी घरी गेलो'.

नावं पण मजेदार आहेत. मलेशियात पांडू पुतेरी म्हणतात, जर्मनीत फाडफिंडरिन म्हणजे वाट शोधणारी. आपल्या लहान मुली बुलबुल, हे ऐकून परदेशातल्या मुलींनाही तेवढीच मजा वाटते.

१०. दरवर्षीची थीम कुठून येते आणि ती पाळायलाच हवी का?

थीम वॅग्ज ठरवते आणि तिच्या वेबसाईटवर ॲक्टिव्हिटी पॅक फुकट मिळतं, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि अरबीत, मराठी आपलं आपणच करायचं. २०१० ते २०१५ या काळात थीम संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक ध्येयांवर होत्या, गरिबी, शिक्षण, आईचं आरोग्य वगैरे. २०१६, १७, १८ ला एकेका शब्दाच्या, म्हणजे जोडा, वाढा, परिणाम घडवा अशा अर्थाच्या. २०२२ पासून तीन वर्षं 'आपलं जग' ने सुरू होणाऱ्या, आधी समान भविष्य, मग शांततेचं, मग बहरणारं. पाळलीच पाहिजे असं नाही, पण पॅकमधले खेळ चांगले असतात. माझा अनुभव असा की त्यातले दोनच घ्या आणि नीट करा, सगळं करायला गेलं की तो तास म्हणजे प्रोजेक्ट फाईल होऊन जाते.

११. बॅज विकत घ्यावाच लागतो का? राज्य पुरस्काराला धरतात का?

दोन्हीचं उत्तर नाही. त्या वर्षीचा बॅज ही आठवणीची गोष्ट आहे. प्रवेश, सोपान, राज्य पुरस्कार ही शिडी वेगळी, तिथे हा बॅज लावून कोणी एक पायरी वर जात नाही. परदेशातून मागवला तर बॅजपेक्षा टपाल महाग पडतं. आम्ही शिंप्याकडच्या उरलेल्या निळ्या कापडाचे गोल कापून त्यावर पिवळ्या दोऱ्याने त्रिदल, म्हणजे गाईडचं तीन पानांचं चिन्ह (प्रश्न १२), काढतो, बुलबुलना साखळी टाका येतोच. वाकडे होतात, पण मुली बॅज कपाटात न ठेवता दप्तराला लावून फिरतात.

१२. ते तीन पानांचं चिन्ह कसलं? मुलीने क्लब म्हणजे किलवर सांगितलं.

किलवर नाही, त्रिदल. तीन पानं म्हणजे वचनाचे तीन भाग, त्यातल्या दोन ताऱ्यांपैकी एक वचनाचा आणि एक नियमाचा, मधली उभी रेघ म्हणजे होकायंत्राची सुई, आणि खालचा देठ म्हणजे ज्योत, माणसांवरच्या प्रेमाची. सोनेरी रंग सूर्याचा, निळा आकाशाचा. रांगोळीत काढायचं तर निळ्यावर हळद भुरभुरवा, बाजारातल्या पिवळ्या रंगापेक्षा सुंदर दिसतं. फक्त पायवाट सोडून काढा.

१३. दिवे लावायचा कार्यक्रम कसा करायचा? स्टेप बाय स्टेप सांगा ना.

ठरलेली संहिता नाही, मी करते ते सांगते. अंधार पडायला लागला की गोल करून उभं राहायचं, मधे एक मोठी समई किंवा दिवा. प्रत्येक पॅट्रोलने (कंपनीतल्या छोट्या तुकडीने) आधीच एक देश निवडलेला असतो, ती पॅट्रोल लीडर पुढे येते, त्या देशातल्या मुलींबद्दल एक, फक्त एक वाक्य बोलते, आणि आपली पणती मोठ्या दिव्यावर लावून जागेवर जाते. भाषण नको. एका वर्षी एकीने केनियाबद्दल सांगितलं, की आत्ता तिथे पाच वाजलेत आणि त्या मुली शाळेतून घरी चालल्या असतील, बास, एवढंच, आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. शेवटी सगळ्यांनी मिळून वचन म्हणायचं, डाव्या हाताने हस्तांदोलन, संपलं.

प्रॅक्टिकल गोष्टी मात्र नीट ऐका. फेब्रुवारीत संध्याकाळी मैदानावर वारा असतो, उघडी पणती टिकत नाही, आम्ही नारळाच्या करवंटीत पणती ठेवतो, झकास राहते आणि हातही भाजत नाही. स्कार्फची टोकं आणि मोकळ्या वेण्या मागे. बुलबुलच्या हातात जळती पणती द्यायची नाही, त्यांना टॉर्च द्या. वाळूची बादली जवळ ठेवा, आणि ती कुठेय ते एकटीला नाही, सगळ्यांना माहीत पाहिजे.

१४. पुण्यातलं संगम म्हणतात ते काय, आणि २२ ला तिथे जाता येतं का?

वॅग्जची जगात पाच जागतिक केंद्रं आहेत: स्वित्झर्लंडमध्ये आदेलबोडनचं अवर शॅले (१९३२), मेक्सिकोत कुएर्नावाकाचं अवर कबान्या (१९५७), पुण्यात आळंदी रोडवरचं संगम (१९६६), लंडनचं पॅक्स लॉज (१९९०), आणि आफ्रिकेतलं कुसाफिरी, ज्याला एक ठरलेली इमारत नाही, ते देशोदेशी फिरतं. कुसाफिरी म्हणजे स्वाहिलीत प्रवास करणे, आपल्या 'सफर' आणि 'मुसाफिर' चंच भावंड.

संगमचं उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ ला खुद्द ओलेव्हबाईंनी केलं. तिथे जगभरातल्या मुली येऊन राहतात, काही महिने स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्यांना तिथे 'तारे' म्हणतात, मराठीतलाच शब्द. पुणेकरांना गाडीवरून जाताना ती भिंत दिसते आणि आत काय आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. जायचं असेल तर उठून सुटू नका, ते राहतं केंद्र आहे, बरेच दिवस आधी ईमेल करून विचारा.

१५. परदेशातल्या गटाशी व्हिडिओ कॉल करायचाय, वेळ कोणती ठेवू?

आमचा गाढवपणा ऐका म्हणजे तुमचा वाचेल. आम्ही न्यूझीलंडच्या एका गटाशी दुपारी चारचा कॉल ठेवला, मुली स्कार्फ इस्त्री करून तयार, आणि समोर स्क्रीनवर एक बाई एकट्याच, नाईट ड्रेसवर, कारण तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बिचाऱ्या तरी अर्धा तास बोलल्या.

फेब्रुवारीतला हिशोब असा: न्यूझीलंड आपल्या साडेसात तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे, केनिया अडीच तास मागे, ब्रिटन साडेपाच तास मागे, न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे. म्हणजे न्यूझीलंडसाठी आपली सकाळी नऊची वेळ चांगली, त्यांचे दुपारचे साडेचार. अमेरिकेसाठी शनिवारी आपली संध्याकाळ साडेसात, त्यांची सकाळ नऊ. ब्रिटनच्या संध्याकाळच्या मीटिंगला आपल्याकडे अकरा-साडेअकरा वाजतात, ते नकोच, शनिवारी दुपारी बोलवा त्यांना. आणि प्रश्न आधी लिहून घ्या, नाहीतर दोन्हीकडच्या मुली फक्त हात हलवत बसतात.

१६. मुलींनी पेनफ्रेंड केली तर घरचा पत्ता देऊ का?

घरचा पत्ता, फोन नंबर, इन्स्टा, काही नाही. पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावर, दोन्हीकडच्या कॅप्टनमार्फत. फोटो टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी, आणि फोटोखाली मुलीचं पूर्ण नाव आणि शाळा एकत्र नको. हे कॉललाही लागू (प्रश्न १५). मला वाटतं पोस्टकार्ड अजूनही सगळ्यात भारी, पाठवणारीचं अक्षर दिसतं.

१७. २२ ला बोर्डाची परीक्षा, नाहीतर रविवार. मागेपुढे केलं तर चालेल?

चालतं. जगभर कितीतरी गट जवळच्या मीटिंगच्या दिवशी करतात. आपल्याकडे तर फेब्रुवारीत बारावीचे पेपर सुरू झालेले आणि शाळेच्या इमारतीत सेंटर असतं, मैदानात आवाज करता येत नाही. आदल्या शनिवारी उरकून घ्या. दहावी-बारावीच्या मुलींना कार्यक्रमाला खेचू नका, त्या घरूनच एक पोस्टकार्ड लिहून देतील.

१८. आमच्या शाळेत गाईडच नाही. आम्ही केलं तर चालेल का?

देशांची ओळख, पत्रं, खेळ, दिवे हे खुशाल करा. गणवेश, वचन आणि त्रिदलाचा बॅज मात्र सदस्य मुलींचे, ते तेवढं सोडा. आणि आवडलं तर जिल्हा कार्यालयात जाऊन कंपनी कशी सुरू करायची ते विचारा, एक शिक्षिका प्रशिक्षण घ्यायला तयार असली की गाडी निघते.

१९. आमच्या घरी आजोबा म्हणाले, इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा वाढदिवस आपण का साजरा करायचा? काय उत्तर देऊ?

आजोबांचा प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नका. बेडन-पॉवेल ब्रिटिश फौजेतलेच होते आणि सुरुवातीला भारतात स्काऊटमध्ये भारतीय मुलांना घेतच नसत, म्हणून ॲनी बेझंट आणि इतरांनी इथे वेगळ्या संघटना काढल्या, त्या सगळ्या एक होऊन स्वातंत्र्यानंतर आपली आजची संघटना झाली. हे मुलींना सांगा, लपवू नका.

पण दुसरी बाजू पण सांगा. मुलींची चळवळ कोणी ताटात वाढून दिलेली नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलग्यांचा स्काऊट मेळावा होता, तिथे काही मुली स्वतःच गणवेशासारखं काहीतरी घालून आल्या आणि म्हणाल्या आम्ही पण स्काऊट. त्यांना बोलावलेलं नव्हतं. त्यानंतर १९१० मध्ये मुलींसाठी गाईड सुरू झालं, बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेस यांनी सांभाळलं. मी २२ तारखेला केक वगैरे कापत नाही. त्या न बोलावता आलेल्या मुलींची गोष्ट सांगते. आजोबांना पण सांगून बघा.

२०. वचनात ईश्वर आहे, आम्ही मानत नाही. मग दिव्याच्या कार्यक्रमात मुलीने काय म्हणायचं?

भारताच्या वचनात 'ईश्वर' च्या जागी 'धर्म' म्हणायची मुभा आहे, इतर कितीतरी देशांनी आपापल्या वचनाचे शब्द बदललेत. कॅप्टनशी आधी बोलून ठेवा, ऐनवेळी रांगेत नको. सर्वधर्म प्रार्थनेला नुसतं शांत उभं राहिलेलंही चालतं.

२१. मी आता नोकरीसाठी परदेशात आहे, गाईड होते शाळेत, इथे कोणी ओळखीचं नाही. एकटीने काय करू?

तिथल्या संघटनेला मेल टाका, मोठ्या झालेल्या गाईड्सना बहुतेक ठिकाणी मदतनीस म्हणून घेतात. ते जमेपर्यंत, २२ ला संध्याकाळी खिडकीत एक दिवा लावा, पुष्कळ जणी असंच करतात. भाड्याच्या घरात स्मोक अलार्म असेल तर बॅटरीवरचा लावा, एकीच्या घरी अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. आणि जुन्या पॅट्रोलमधल्या कोणाचा तरी नंबर शोधून फोन करा. फक्त वेळ बघून (प्रश्न १५).